एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

ओल्या चुन्याचा वास आला की मला आजही देव आठवतो. यात भक्तीचा भाग काहीच नाही. फेब्रुवारीत थंडी आवरतं घेऊ लागली, कडुनिंबाची पिवळी पानं पटांगणभर उडू लागली की आमच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत बादल्या यायच्या, शिड्या यायच्या, वर्षभर पोपडे धरून बसलेल्या भिंतींवर चुन्याचे हात फिरायचे, पायऱ्यांच्या कडांना गेरू लागायचा, आणि पिण्याच्या पाण्याचे माठसुद्धा नवे यायचे... हे सगळं शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, परीक्षक येणार म्हणून. चुना नीट वाळायच्या आत आम्ही भिंतींना टेकायचो. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी समोरून निळ्या आणि पाठीमागून पांढऱ्या अशा मुलींची रांग वर्गात शिरायची, आणि त्या चुन्याच्या वासात कुणीतरी बाकात लपवून खाल्लेल्या संत्र्याच्या सालीचा वास मिसळलेला असायचा. देवाचा वास तो हाच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, मी सातवीत होते तेव्हाची. आमच्या वर्गात ख्रिस्ती मुली होत्या, हिंदू होत्या, बौद्ध होत्या, आणि सोमवारचा पहिला तास शास्त्राचा, तो सगळ्यांनाच. त्याबद्दल कुणाच्या घरून तक्रार आल्याचं मला आठवत नाही. शाळेचं इंग्रजी चांगलं होतं, आणि चांगल्या इंग्रजीसाठी नागपूरकर पालक आठवड्याला एक तास कुठल्याही देवाला द्यायला तयार असत. माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रमिला मेश्रामला तिच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “सगळं ऐकून घे. पटलं तर घे. नाही पटलं तर मार्क तं घे.”

शास्त्र शिकवायच्या साळवेबाई. उंच, काटकुळ्या, बारीक काठाचं पांढरं पातळ नेसणाऱ्या. त्या रोज कन्हानहून बसने यायच्या, त्यामुळे त्यांच्या अंगाला खोबरेल तेल आणि डिझेल यांचा मिळून एक वास यायचा, तोही मला पुढे कितीतरी दिवस धार्मिकच वाटत असे. बाई नऊ वर्षं ‘तात्पुरत्या’ होत्या. एप्रिलअखेर त्यांना आभाराचं पत्र मिळायचं आणि जूनमध्ये नेमणुकीचं; मधला उन्हाळा त्या कुणीच नसत. कायम झालेल्या शिक्षिकांना शाळेच्या आवारात खोली मिळे. अशी एक खोली त्या वर्षी रिकामी झाली होती. जाता-येता बाई त्या खोलीकडे अगदी न पाहिल्यासारखं पाहत, आणि आम्ही सगळ्या जणी बाईंकडे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना सांगितलं होतं, की या खेपेला परीक्षक रेव्हरंडसाहेबांचा शेरा चांगला आला तर कायम करू. हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. मुलींच्या शाळेत अशा गोष्टी कुणाला सांगाव्या लागत नाहीत.

परीक्षा तोंडी असायची आणि तिच्यासाठी एक पातळशी, खाकी वेष्टणाची प्रश्नोत्तरांची पुस्तिका होती. प्रश्न चाळीस, उत्तरं चाळीस. आम्ही ती पाढ्यांच्या चालीवर म्हणत असू. त्यातला एकतिसावा प्रश्न रेव्हरंडसाहेबांच्या विशेष आवडीचा होता. पवित्र शास्त्र देवाच्या प्रेरणेने लिहिले गेले आहे असे शास्त्र स्वतः म्हणते काय? उत्तर – होय, म्हणते, जागोजागी म्हणते. या ‘जागोजागी’वर सगळा वर्ग मिळून असा काही जोर द्यायचा, की खिडकीतली कबुतरं उडायची.

एके संध्याकाळी मी घरी हेच घोकत बसले होते आणि बाबा ओसरीवर पाय धूत होते. माझे बाबा अर्जनवीस. जिल्हा कोर्टाच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली त्यांचं टेबल, एक टाइपरायटर, शाई, शिक्के, आणि समोर रांगेत उभी असलेली माणसं – कुणाला वारसाहक्क हवा, कुणाला नावात बदल, कुणाचा बैल कोंडवाड्यात. प्रतिज्ञालेख, म्हणजे कोर्टात द्यायची ॲफिडेव्हिटं, लिहिणं हा त्यांचा हातखंडा. प्रत्येक प्रतिज्ञालेखाच्या तळाशी एक मजकूर लागतो: परिच्छेद अमुक ते अमुक माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे, आणि तमुक ते तमुक मिळालेल्या माहितीवरून खरे आहेत. बाबांच्या मते जगातलं सगळं शहाणपण या दोन ओळींत होतं. शेजारच्या काकूंनी काही बातमी आणली, तरी ते शांतपणे विचारायचे, “वहिनी, हे व्यक्तिगत माहितीतलं, का मिळालेलं?” त्यामुळे काकूंनी आमच्याकडे येणं बरंच कमी केलं होतं.

“काय वं सुमन,” बाबा पाय पुसत म्हणाले, “जागोजागी म्हंजे कोठं?”

“जागोजागी म्हणजे सगळीकडे.”

“पान नंबर?”

मी पुस्तिकेची पानं उलटू लागले.

“म्हंजे तू मूळ कागद न पाहताच सही करून राहिली,” बाबा म्हणाले, आणि माझ्या दप्तरातून शाळेने दिलेला नवा करार आणि त्याच्या भावासारखा जाडजूड जुना करार काढून त्यांनी ते कंदिलाच्या काचेसारखे हळुवारपणे पुसून घेतले.

पुढचा आठवडाभर बाबांनी ते दोन्ही ग्रंथ एखाद्या दिवाणी दाव्याच्या फायलीसारखे वाचले. श्रद्धेने नाही, आणि खोड काढायचीच म्हणूनही नाही; समोर आलेला प्रत्येक कागद ते ज्या गंभीरपणे वाचत, त्याच गंभीरपणे. कोर्टाच्या रद्दीतल्या चिठ्ठ्या फाडून खुणा घालत. जेवताना निष्कर्ष कळवत. संदेष्टे लोक म्हणतात की प्रभूने असं सांगितलं – तिथं दावा स्पष्ट आहे, वादच नाही. प्रेषित पौल आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, पत्रात कळवतो की सगळा शास्त्रलेख देवाकडून आलेला आहे – दावा आहे, पण पत्र लिहिलं तेव्हा हे अर्धं पुस्तक बांधायचंच होतं, तेव्हा ‘सगळा’ म्हणजे कुठवर हे तपासावं लागेल. येशूचं चरित्र लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगून टाकतो, की मी पाहणाऱ्यांकडून चौकशी केली आणि मग क्रमवार लिहिलं. इथं बाबांनी भाकरी खाली ठेवली.

“हा मानूस आपल्या लाईनीतला होय,” ते आईला म्हणाले.

“वैद्य होता तो,” मी म्हणाले. हे पुस्तिकेत होतं.

“असंन. पन अर्ज चांगले लिहिले असते त्यानं.”

आणि मग शनिवारी ते पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायापाशी पोचले. लग्न, नवराबायको असा घरगुती मामला चाललेला. तिथे पौल एका ठिकाणी म्हणतो की ही आज्ञा माझी नाही, प्रभूची आहे. आणि लगेच पुढे म्हणतो की आता यापुढचं मी सांगतो आहे, प्रभू नव्हे. बाबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, परत घातला, तिसऱ्यांदा वाचलं. इतके हर्षभरित झालेले बाबा मी त्यानंतर फक्त ताईच्या लग्नात पाहिले.

“अरे बाप्पा! वेगळं करून सांगतलं त्यानं. कोनी मांगतलं नसताना!” ते आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेले. “एवढी वर्षं झाली मले त्या झाडाखाली बसून. असा पक्षकार मले एक नाही भेटला.”

आईने त्यांना कढईपासून बाजूला व्हायला सांगितलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी गंमत म्हणून – गंमतच होती ती – एकतिसाव्या प्रश्नाचं रीतसर उत्तर तयार केलं, आणि मला वाचून दाखवलं. मी ते दोनदा ऐकलं आणि मला पाठ झालं. चाळीस उत्तरं महिनाभर घोकून जी होत नव्हती, त्यांच्यापेक्षा हे एक लगेच. बाबांनी बजावलं मात्र होतं, “हे घरचं. परीक्षेत पुस्तिकेतलंच सांग. बाईले त्रास नको.” मी मान डोलावली, आणि ती डोलावताना मी प्रामाणिकच होते.

रेव्हरंडसाहेब ठरल्याप्रमाणे सोमवारी आले. आधी त्यांची छत्री आली, मग त्यांचं पोट, मग ते. त्यांच्यासाठी मोठ्या बाईंच्या खोलीतली हातांची खुर्ची आणली होती, टेबलावर भरतकामाचं कापड, त्यावर झाकलेला पेला. ते साधं “बसा” म्हणाले तरी शेवटी ‘आमेन’ असल्यासारखं वाटायचं. साळवेबाई फळ्याजवळ उभ्या होत्या, हात पदरात, आणि सकाळीच त्या आम्हांला म्हणाल्या होत्या, “मुलींनो, आज फक्त अडखळू नका. बाकी मला काही नको.” बाई कधी कुणाकडे काही मागत नसत, म्हणून ते वाक्य माझ्या ध्यानात राहिलं आहे.

प्रमिलाला विसावा प्रश्न आला. तिने तो तोफेसारखा उडवला. साहेब प्रसन्न झाले. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“पवित्र शास्त्र देवाच्या प्रेरणेने लिहिले गेले आहे असे शास्त्र स्वतः म्हणते काय?”

मी उभी राहिले. “होय,” म्हणाले. इथवर पुस्तिका आणि बाबा यांचं एकमत होतं. पुढे फक्त एक शब्द म्हणायचा होता... आणि इथे मी सत्याचा कैवार वगैरे घेतला असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. बाबांचे शब्द फार देखणे होते आणि मला ते एकदा मोठ्याने, लोकांसमोर म्हणायचे होते, एवढंच.

“होय. संदेष्ट्यांचा मजकूर प्रभूने सांगितल्याप्रमाणे, लूकाचा मजकूर मिळालेल्या माहितीवरून, आणि पौलाचा मजकूर अंशतः प्रभूच्या आज्ञेवरून व अंशतः व्यक्तिगत मतावरून लिहिला असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. सबब दावा आहे, परंतु तो सरसकट असल्याचे दिसून येत नाही.”

प्रमिलाने खालच्या आवाजात म्हटलं, “मेलो वं माय.” मी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या, आणि बाईंचा चेहरा पाहिल्यावर मला ती रिकामी खोली आठवली – तिचं हिरवं दार, दाराला कुलूप.

“हे,” रेव्हरंडसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे कुणी शिकवलं?”

बाईंना ‘मी नाही’ एवढंच म्हणायचा अवकाश होता. ते खरंही होतं. माझे बाबा अर्जनवीस आहेत हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. बाईंनी पदरातून हात बाहेर काढला, टेबलावरचा आपला ग्रंथ उचलला आणि उघडला. त्यांनी पानं चाळली नाहीत. तो ग्रंथ त्या जागी आपोआप उघडला.

“शास्त्र मी शिकवते, साहेब,” बाई म्हणाल्या. “पहिलं करिंथ, सातवा अध्याय. मुलगी चुकीचं बोललेली नाही.”

साहेबांनी ते पान वाचलं, म्हणजे त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग झाकलेला पेला उघडून पाणी प्यायले आणि म्हणाले, की प्रेषित तसे म्हणतात खरे. परंतु ‘हे मी म्हणतो, प्रभू नव्हे’ असे म्हणण्याची प्रेरणासुद्धा त्यांना प्रभूनेच दिली होती. एवढं बोलून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुष्कळ लिहिलं.

संध्याकाळी मी रडत रडत बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी साहेबांचं उत्तर माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाले, “साहेबाचं उत्तर चांगलं होय. वकील व्हायले पाहिजे होता तो.” आणि थोड्या वेळाने, पार वेगळ्या आवाजात, “बाईचं काही होईन का गा आता?” हे ते स्वतःलाच विचारत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी साळवेबाईंसाठी मोठ्या बाईंना द्यायचा एक अर्ज टाइप केला, सगळी चूक आपली असल्याचा, आणि शाळेत नेऊन दिला. मोठ्या बाईंनी तो घेतला. एवढा निर्दोष अर्ज शाळेच्या दप्तरात आजवर आला नव्हता, असं त्या म्हणाल्याचं बाबा सांगत. पण हे मिळालेल्या माहितीतलं नसून त्यांच्या व्यक्तिगत माहितीतलं होतं, तेही स्वतःच्याच अर्जाबद्दलचं, तेव्हा मी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही, पण बाई कायम झाल्या होत्या. खोलीचं कुलूप निघालं होतं, हिरव्या दाराबाहेर तुळशीच्या जागी एक जिरॅनियमची कुंडी होती. मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होते, तेवढ्यात वेळापत्रक लागलं. साळवेबाईंकडे शिवणकाम दिलं होतं. पाचवी ते दहावी, सगळंच्या सगळं. शास्त्र एका नव्या बाईंकडे गेलं, ज्यांना पुस्तिका न बघताही म्हणता येत असे.

शिवणाच्या वर्गात मी सगळ्यांत मठ्ठ. एका दुपारी रुमालाची कड दुमडून मी वेडेवाकडे टाके घालत होते आणि बाई शेजारी येऊन बसल्या. खूप दिवस साठवलेलं मी विचारून टाकलं, की बाई, तुम्हांला ते पान आधीपासून माहीत होतं?

“होतं की,” बाई म्हणाल्या. माझ्या हातातला रुमाल घेऊन त्या टाके उसवू लागल्या. “माझं सगळ्यांत आवडतं पान आहे ते. एवढा मोठा माणूस, लोक त्याचा शब्द झेलायला उभे, आणि तो म्हणतो, हे माझं मत आहे, देवावर ढकलू नका. त्याचं बाकीचं मला पटतं ते त्यामुळे. साहेबांना त्या ओळीची अडचण होते. मला ती ओळ लागते.”

“मग आम्हांला जागोजागी म्हणायला का शिकवत होतात?”

बाईंनी दोरा दाताने तोडला. नऊ वर्षांत त्या वर्गात पुस्तकी मराठीशिवाय बोलल्या नव्हत्या.

“खोली पाहिजे होती ना वं मले,” त्या म्हणाल्या, आणि रुमाल पुन्हा माझ्या हातात दिला.

त्या खोलीत बाई निवृत्त होईपर्यंत राहिल्या. शास्त्राचा तास त्यांना परत कधी मिळाला नाही. पुढे त्या कन्हानला परतल्या, आणि त्या वारल्याचं मला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं. खोलीला एकच खिडकी होती आणि ती सातवीच्या वर्गाकडे उघडायची. मी शाळेत होते तोवर पाहत असे – दिवसभर ती सताड उघडी असायची, फक्त सोमवारी पहिल्या, शास्त्राच्या तासाला बंद, नागपूरच्या एप्रिलातसुद्धा.