मेहुण्याचा डिमॉस

माझा मेहुणा ब्लागोवेस्त याने आयुष्यात एकच गोष्ट पूर्ण केली, आणि तीसुद्धा एक दगड. खरा दगडही नाही, कॉम्प्युटरमधला.

मंगळाला दोन उपग्रह आहेत. त्यातला धाकटा डिमॉस. लांबी जेमतेम पंधरा किलोमीटर, म्हणजे आमच्या नगरपालिकेची हद्द त्याच्याहून मोठी. धड गोलही नाही, नुसता बटाटा. जगभरातले काही रिकामटेकडे लोक मिळून अवकाशयान चालवायचा एक फुकटचा प्रोग्रॅम तयार करतात. त्याला खेळ म्हटलेलं ब्लागोला खपत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. त्यात कुणी गुरू केला, कुणी शनीची कडी केली. आमच्या पठ्ठ्याच्या वाट्याला हा बटाटा आला आणि त्यावर त्याने नऊ वर्षं घालवली.

नोकरी म्हणाल तर गावच्या वेधशाळेत तंत्रज्ञ. तिथला घुमट गंजून अडकला त्याला तेरा वर्षं झाली. दुर्बीण आत आणि आकाश बाहेर. तो घुमट हलता ठेवणं हेच याचं काम होतं. ते सोडून हा सहलीला आलेल्या शाळांना भिंतीवर डिमॉस दाखवायचा. "इथे जोरात उडी मारलीत तर अर्ध्या तासाने खाली याल," असं मोठ्या रुबाबात सांगायचा. मुलं विचारायची, दुर्बीण कुठाय? तेव्हा याला कमी ऐकू यायचं.

संसार ओढला तो माझ्या धाकट्या बहिणीने, गेनोवेवाने. भाज्यांच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं बसवायच्या यंत्राने तिच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नेलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. उरलेल्या साडेनऊ बोटांनी तिने हिवाळ्याच्या साठवणीच्या मिरच्या भाजल्या, पीठ मळलं, याच्या शर्टांच्या कॉलरी घासल्या. मी बोलायला लागले की म्हणायची, "ताई, त्याची नजर फार बारीक आहे गं." बारीक असेल. बायको वाळत चाललीय हे त्या बारीक नजरेला सगळ्या गल्लीनंतर दिसलं.

गेना मार्चमध्ये गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की कागद लागतो. काळी चौकट, फोटो, नाव, दोन ओळी. घराच्या दारावर, खांबांवर, बसथांब्यावर. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. कागद लागला नाही तर गेलेल्याला मागे विचारणारं कुणी नाही असा अर्थ होतो, आणि तो अर्थ काढायला गाव टपलेलंच असतं. चाळीस दिवसांचा मी लावला. सहा महिन्यांचा मीच लावला. वर्षाच्या वेळी हा स्वतः म्हणाला, "ताई, या खेपेला मी करतो." मी मूर्ख, विश्वास ठेवला.

दिवस उजाडला, खांब कोरेच. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग धावतपळत जाऊन मीच छापून घेतला. छापणारी बाई म्हणाली, "का गं त्सोन्का, नवरा गावाला गेलाय का तिचा?"

"मंगळावर," मी म्हटलं.

चार दिवसांनी खांबाखांबांवर आणि बसथांब्यावर नवा कागद दिसला. काळी चौकट. आत करडा, खड्ड्याखड्ड्यांचा फोटो. खाली लिहिलेलं: 'डिमॉस. नऊ वर्षं आमच्यात होता. शनिवारी काढून टाकला जाईल. शोकाकुल, ब्लागोवेस्त.'

मी ते वाचत उभी होते तेवढ्यात शेजारची कालिना आजी आली. हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचा वाडगा, म्हणजे कुणाच्या तरी दुःखाला निघालेली.

"कोण गं गेला ब्लागोचा?"

"दगड."

"कुठला होता?"

"मंगळाचा."

"अगं बाई, आणि मरायला इथे आला," असं म्हणून तिने छातीवर क्रूस काढला आणि चालू लागली.

माझं डोकंच फिरलं. कागद टराटरा फाडला, तुकडे मुठीत घेतले आणि टेकडी चढून वेधशाळेत गेले. हा अंगात कोट घालून कॉम्प्युटरसमोर बसलेला.

"बायकोला कागद नाही आणि दगडाला आहे. लाज वाटत नाही?"

"काढून टाकतायत ताई. नव्या आवृत्तीत दुसऱ्या कुणाचा तरी घेणार."

"नऊ वर्षांत एक बटाटा धड जमला नाही तुला?"

"जमलाय. पण एका जागी खोटा आहे."

मग मला त्याने ते सांगितलं, आणि पहिल्यांदाच थोडक्यात सांगितलं. डिमॉसच्या एका भागाचा चांगला फोटो कुठल्याच यानाला मिळालेला नाही. नियम असा की तिथे नुसता करडा रंग भरून सोडायचा. याने तिथे खड्डे काढले. प्रोग्रॅम तपासणाऱ्याने पकडलं, विचारलं, हे कुठून आणलेत? पुसून टाका म्हणजे तुमचा डिमॉस राहील. तीन आठवड्यांची मुदत दिली. याने उत्तरच दिलं नाही.

"मग पूस की. दोन मिनिटांचं तर काम."

"एका मिनिटाचं आहे."

"मग?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि जमीन जवळ जवळ आणली. फिकट, मऊ, धुळीचा उतार, त्यावर खड्ड्यांच्या दोन कमानी. काहीतरी लागट बोलायला मी तोंड उघडलं आणि नजर खड्ड्यांवरून फिरली. डावीकडे पाच. उजवीकडे चार खोल, आणि पाचव्याच्या जागी नुसता दबलेला ठिपका.

आमच्या घरी सणाला 'पोगाचा' नावाचा गोल पाव करतात; भट्टीत घालण्याआधी त्यात दहा बोटं रोवतात. आईची पद्धत. गेनाच्या पावावर नेहमी नऊ खड्डे असायचे आणि एक अर्धा.

"पीठ आहे," ब्लागो म्हणाला. "वरून कोरडं भुरभुरलेलं. डिमॉसची धूळ तशीच दिसते. शेवटच्या नाताळात काढला हा फोटो. तीच म्हणाली, लाव तिथे, कोण तपासायला येतंय."

"आणि वर्षाचा कागद?"

"फोटो शोधत बसलो होतो." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माझ्याकडे तिचा एकही नाही ताई. हजारो आहेत, सगळे डिमॉसचे. तिचा हा एवढाच."

मी त्याला माफ केलेलं नाही. जिने पीठ मळलं ती सोडून पिठाचा फोटो काढणाऱ्या माणसाला कसली माफी. पण मूठ उघडली आणि तुकडे टेबलावर जुळवून पाहिले. त्या करड्या फोटोतही तेच खड्डे होते, नऊ आणि एक अर्धा. गावभर त्याने तेच चिकटवलं होतं आणि मला ओळखू आलं नव्हतं.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "चिकटपट्टी कुठाय?"

तीही त्याला सापडेना. शेवटी माझ्याच पर्समधली काढली. कागद जोडून वेधशाळेच्या दारावर लावला, 'डिमॉस' खोडलं आणि पेनाने वर लिहिलं, गेनोवेवा.

फोटो तोच राहू दिला.