मधल्या खोलीतले खिळे

भानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी ढोकीला लेकीच्या घरी शेंगा फोडत बसले होते. लेकीनं फोन ऐकला आणि माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "भानू का?" तिनं मान हलवली. सुपातल्या शेंगा संपवून मग मी उठले. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला पोचवायचं काम त्याचं होतं... तेवढंही त्यानं केलं नाही.

भानू माझा धाकटा भाऊ, गवंडी. मी चौथी शिकले, तो दुसरीतूनच उठून वडिलांमागं चुना मळायला गेला. माझा नवरा गेला, मागून त्याची बायको गेली, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ तीस वर्षं एका घरात राहिलो. त्यानं सगळ्या गावाच्या घरांत फरश्या बसवल्या. आमची मधली खोली मात्र मातीचीच राहिली. मी बोलायची, तो हसायचा.

गावाच्या कडेला मिशनचं जुनं चर्च आहे, दगडाचं आणि चुन्यातलं. आमचे आजोबा त्याच्या बांधकामावर होते, गिलावा वडिलांचा, आणि पावसाळ्याआधीची डागडुजी भानूकडं. चर्चची माणसं पोटासाठी सोलापूर-पुण्याला गेली. उरलेली चार-पाच घरं एका खोलीत प्रार्थना करू लागली आणि त्यांनी इमारत एका ट्रस्टला दिली. ट्रस्टला तिथं गाण्याच्या मैफलींचं सभागृह करायचं होतं. त्यासाठी नकाशांची स्पर्धा ठेवली. कुणीही नकाशा पाठवावा, असं पेपरात छापलं होतं. ते 'कुणीही' भानूनं खरं मानलं.

दोन महिने तो चर्चमध्ये मापं घेत होता. किल्ली मार्थाबाईंकडं असायची. त्या तिथल्या जुन्या बाई, त्यांचं लग्न त्याच चर्चमध्ये लागलेलं. त्यांनी भानूला एकच गोष्ट सांगितली, की वेदीच्या जागी कुणाला गायला बसवू नका. भानूनं ती धरून ठेवली. एक दिवस मला घेऊन गेला आणि जात्यावरची ओवी म्हणायला लावली. मी वेदीसमोर उभी राहून म्हटली, मग लांब भिंतीच्या मध्यावर उभी राहून म्हटली. तो कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन ऐकत होता. वेदीसमोरून म्हटलं की शब्द एकमेकांत मिसळायचे. भिंतीच्या मध्यावरून म्हटलं की मागंपर्यंत कळायचे. त्यामुळं त्यानं गाणाऱ्याची जागा भिंतीच्या मध्यावर धरली, भजनाला बसतात तशी तीन बाजूंनी माणसं, आणि वेदी रिकामी. वरून मारलेलं सिमेंट काढून पुन्हा ताग घातलेला चुना लावायचा, म्हणजे आवाज घुमणार नाही, असं तो म्हणायचा.

कागदावर काढणं त्याला येत नव्हतं. गवंडी जमिनीवर आखतो. त्यानं मधल्या खोलीच्या जमिनीत चर्चच्या कोपऱ्यांच्या जागी खिळे ठोकले, दोरी ताणली आणि चर्चच्या एका हाताला जमिनीवर दोन बोटं असं माप धरून गेरूनं सगळं चर्च काढलं. कमानी, खिडक्या, कुठून आवाज उलटतो त्याच्या खुणासुद्धा. साखर कारखान्यातला एक ओव्हरसियर रविवारी येऊन ते कागदावर उतरवून घेणार होता. सोमवारी शेवटची तारीख होती.

आणि शनिवारी घट बसायचे होते.

आमच्याकडं घटाआधी घरातली एक वीतही सारवल्याशिवाय ठेवत नाहीत. घट बसतो तोही मधल्याच खोलीत. शुक्रवारी मी शेण कालवलं तसा तो दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, दोन दिस थांब. रविवारी उतरून घेतो."

"देवी थांबत न्हाय. तुझ्या डोक्यात हाय न्हवं, परत काढ."

तो ओव्हरसियरला आठवण करायला गेला. मी सारवलं. चुकून नाही. गेरू शेणात मिसळताना बघत होते मी. चर्चमध्ये मी स्वतः ओवी म्हटली होती, कुठली रेघ कशाची हेही मला ठाऊक होतं.

तो आला. "पुसलंस?" म्हणाला. मी म्हटलं, "सारवलं." मग म्हणाला, "खिळे तेवढे काढू नको."

रविवारी ओव्हरसियर आला. खिळ्यांवरून भिंती निघाल्या, बाकीचं निघालं नाही. मापं त्यानं कुठं लिहून ठेवली नव्हती, ती सगळी जमिनीवर होती. स्पर्धकांना चर्च बघायला दिलेले दिवस संपून किल्ली ट्रस्टकडं गेली होती. दोघांनी चहा घेतला आणि ओव्हरसियर निघून गेला.

शहरातल्या कुणाचा तरी नकाशा पहिला आला. त्यात मंच वेदीच्या जागी होता. वेदीची दगडी पायरी काढायला चुन्यातलं काम जाणणारा माणूस हवा म्हणून भानूलाच बोलावलं आणि तो गेला. मी चिडून विचारलं, लाज नाही का वाटत? म्हणाला, "दुसऱ्यानं फोडली असती, म्या सोडवून काढतो." दगड बैलगाडीत घालून मार्थाबाईंच्या अंगणात नेऊन ठेवले. पहिल्या मैफलीला मी शेवटच्या रांगेत होते. गाणाऱ्या बाईंचा एक शब्द लागला नाही. भानू आलाच नव्हता.

भानूच्या तेराव्याला ट्रस्टची माणसं आली. थोर कारागीर, गावाचं भूषण, असं बोलली. नाव मात्र एकाला दोनदा विचारावं लागलं. मला त्यांना शिव्या द्याव्या वाटल्या, पण त्यांना काय देणार... त्याचा नकाशा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी नाकारला असता तर गोष्ट वेगळी. मार्थाबाई तेवढ्या माझ्याजवळ बसल्या. मी त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, भानूनं सांगितलं होतं. आणखी काय म्हणाला, ते मी विचारलं नाही.

नकाशा सारवला त्यानंतर भानू असेपर्यंत सहा वेळा घट बसले. दरवर्षी सारवताना त्या खिळ्यांवर माझा तळहात अडकला, एकदा चांगला फाटला. भानू बघायचा आणि हळद आणून द्यायचा. काढू का, असं मी एकदाही विचारलं नाही. त्यानंही काढले नाहीत.

आता घट बसायला आठ दिवस राहिलेत. लेक येऊन फरशी घालून देते म्हणाली, तिला नको म्हटलं. काल त्याच्या थैलीत दोरी सापडली, गेरूनं लाल झालेली. ती खिळ्यांना बांधून बघितली. भिंती नीट बसल्या. एक खिळा लांब बाजूच्या मध्यावर एकटाच आहे, त्याला दोरी लागत नाही. ओवी म्हणायला तिथं मी उभी राहिले होते.

शुक्रवारी सारवायचं आहे. दोरी अजून सोडलेली नाही.