बाबालाल वकिलांची म्हैस

५ फेब्रुवारी १९८१ रोजी कोंडवाड्यात सत्तावीस रुपये पन्नास पैसे दंड भरून बाबालाल मुजावर वकील एका म्हशीचे मालक झाले. त्याआधी वीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी साधी कोंबडी पाळली नव्हती.

मंगळवार पेठेने त्यांना नगरसेवक केले ते सरकारी कागद फुकट वाचून दाखवतात म्हणून. निवडून आल्यावर त्यांनी एक ठराव स्वतः लिहिला. रस्त्यात म्हशी बांधून धारा काढायच्या नाहीत. पहिल्यांदा दंड, त्याच मालकाची म्हैस पुन्हा सापडली तर लिलाव, आणि मालकाचे नाव भर सभेत वाचायचे. ‘सुटायला फट ठेवली नाही,’ असे ते चहाच्या गाड्यावर सांगत.

पुन्हा सापडली ती शेजारच्या गुंडू गवळ्याचीच. गुंडू राधानगरीला पाहुण्यांकडे गेलेला. त्याची बायको शालूबाई वकिलांच्या दारात येऊन उभी राहिली.

“वकीलसाब, उद्या लिलाव हाय. ती गेली तर पोरांनी काय तुमचा ठराव प्यायचा व्हय?”

महापालिकेविरुद्ध वकीलपत्र घेतले तर नगरसेवकपद जाणार. वकिलांनी आपलाच ठराव पुन्हा वाचला. मालक बदलला की गुन्हा पहिला ठरत होता.

“शालूबाई, ही म्हैस मी गेल्या सोमवारीच विकत घेतली.”

“कवा? मला कसं ठावं न्हाय?”

“आता झालं की ठावं!”

दुसऱ्या दिवशी सभेत विरोधी बाकावरच्या हंबीररावांनी मालक म्हणून वकिलांचे नाव चवीने वाचले. सभागृह बाके बडवू लागले.

“वकीलसाहेब, दूध किती देती?”

“सकाळी चार लिटर,” वकील उठून म्हणाले. “ठराव झाल्यापासनं जरा कमी.”

कुणाला शंका नको म्हणून म्हैस दोन दिवस वकिलांच्याच अंगणात बांधली. धार काढायला शालूबाई येई. घरात वकिलांच्या पत्नी मेहरुन्निसाबींनी खीर केली, खवा आटवला, चहात पाणी घालणे बंद झाले. तिसऱ्या दिवशी गुंडू आला, त्याने हात जोडले, म्हैस सोडली आणि तिथेच घुटमळला.

“लई उपकार झालं. पर दुधाचं काय?”

“अरे, मालक मी होतो!”

“कागदावर व्हतासा की. पेंड आमचीच खाल्ली तिनं.”

वकिलांनी अर्धा तास युक्तिवाद केला. गुंडूने तो उभ्याने ऐकला. पुढच्या निवडणुकीत त्याने वकिलांचा प्रचारही केला आणि वकील निवडून आले.

दुधाचे अठरा रुपये त्यांच्याकडून येणे बाकी आहेत.