विनिफ्रेडची अखंड साल

इंग्लंडमधल्या हेरफर्डशायर परगण्यात, एका गावच्या शाळेत मुलांना जेवण वाढता वाढता विनिफ्रेड टकवेलची सत्तावीस वर्षं गेली. तिच्या हातचं कस्टर्ड खाल्लं नाही असं मूल गावात नव्हतं, आणि तिचं नाव माहीत असलेलंही नव्हतं. ताटल्या पुढे यायच्या, नजरा पळीवर. पाठीमागे तिला सगळी 'कस्टर्डबाई' म्हणत.

हीच मुलं दर आठवड्याला टीव्हीवर विक्रमांचा कार्यक्रम बघत आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत त्या विक्रमवीरांची नावं आडनावासकट घडाघडा म्हणत. विनिफ्रेडला वाटे, एकदा तरी यांच्या तोंडून आपलं नाव ऐकावं.

आणि तिच्या हातात एक कसब होतंच. सफरचंदाची साल ती कधी तुटू देत नसे. तिकडच्या मुलींची जुनी रीत आहे, अखंड साल डाव्या खांद्यावरून मागे टाकायची. जमिनीवर सालीचं जे अक्षर पडेल, ते होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं. विनिफ्रेड नवव्या वर्षापासून टाकत होती. आता अठ्ठावन्नची झाली, लग्नाचा विषय कधीच मिटला, पण साल संपली की हात आपोआप मागे जाई.

"काय गं, आज कोण आला?" थोरली बहीण मेव्हिस विचारायची.

"आज क्यू पडलाय."

"क्यूचा एकही पुरुष नाही या गावात."

"म्हणूनच निवांत आहे मी."

सर्वांत लांब अखंड सालीचा विक्रम करून दाखवते, असं विनिफ्रेडने कार्यक्रमाला पत्र टाकलं आणि शनिवारी येतो असं उत्तर आलं, तेव्हा मेव्हिसने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "टीव्हीवर? त्या केसांनी?" एवढंच म्हणाली आणि शनिवारी केस बांधून द्यायला पहाटेच आली.

आदल्या रविवारी चॅपेलमध्ये प्रार्थना करताना विनिफ्रेड जरा घुटमळली. असल्या गोष्टीसाठी देवाला साकडं घालावं का? शेवटी तिने अगदी माफक मागितलं, "साल तेवढी तुटू देऊ नकोस."

शनिवारी गावच्या सभागृहात कॅमेरे आले. मोजमापाला मिस्टर लग नावाचे फीत घेतलेले गंभीर गृहस्थ होते. विनिफ्रेडने मोठ्यात मोठं सफरचंद घेतलं आणि दोऱ्याएवढी बारीक साल सोडायला सुरुवात केली. मांडीवरच्या पातेल्यात ती वेटोळी घालत राहिली. एक तास, तीन तास, सहा तास. चहा मेव्हिसने नळीने पाजला. वर "मान सरळ ठेव, कॅमेऱ्यात हनुवट्या दोन दिसतायत," हेही सुनावलं.

साल शेवटच्या टोकापर्यंत आली. एकदाही तुटली नव्हती. मिस्टर लग फीत उलगडत पुढे झाले.

आणि विनिफ्रेडने टोक चिमटीत धरून, सवयीने, डाव्या खांद्यावरून मागे भिरकावलं.

पातेल्यातून साल सापासारखी उसळली आणि तीन ठिकाणी तुटली.

"बाई," मिस्टर लग फार हळू म्हणाले, "ती मोजायची होती."

सगळ्यांत लांब तुकडा जुन्या विक्रमाला नऊ फुटांनी कमी पडला. देवाने मागितलेलं चोख दिलं होतं. साल सांभाळली होती. हाताबद्दल बोलायचं विनिफ्रेडकडूनच राहून गेलं.

"अक्षर तरी बघ कुठलं पडलंय!" मेव्हिस म्हणाली. मग ती मिस्टर लग यांच्याकडेच वळली. "सहा तास अखंड होती ना? मग तुम्हाला आधी मोजता आली नाही?"

विनिफ्रेडला वाटलं, आता कसलं दाखवतायत. पण कार्यक्रमात ते दाखवलं. भिरकावणं तर दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश. आणि निवेदकाने हसता हसता पूर्ण नाव घेतलं, "मिस विनिफ्रेड टकवेल!"

दुसऱ्या दिवशी शाळेत कस्टर्डबरोबर प्रत्येकाला एक संत्रं होतं. विनिफ्रेडने वाढायला पळी उचलली, तशी रांगेतली पहिली मुलगी म्हणाली, "थँक यू, मिस टकवेल." मग दुसरी. मग सगळीच. विनिफ्रेडने कोणाला किती कस्टर्ड वाढलं, याचं तिला भान उरलं नाही.

घंटा झाली. चौसष्ट मुलांनी चौसष्ट संत्र्यांच्या साली एका दमात डाव्या खांद्यावरून मागे टाकल्या आणि ती मैदानाकडे पळाली.

विनिफ्रेडने केरसुणी घेतली. दाराशी पोचल्यावर एक मुलगा वळून ओरडला, "मिस टकवेल, माझं कुठलं अक्षर पडलंय?"

"क्यू," ती म्हणाली आणि झाडू लागली.