गळकं तळं

आमचा विलास, म्हणजे माझा नवरा, मूळचा माणदेशातला, पण त्याच्याकडे बघून ते कळायचं नाही. टोरोंटोत बँकेच्या आयटीत जन्म काढलेला माणूस! त्यानं नॉर्थ यॉर्कचा आमचा छान कॉन्डो विकला आणि वॉटर्लूच्या पुढे शेत घेतलं. का, तर इथल्या ग्रोसरीत ताजी भेंडी मिळत नाही! मी दादरची. कपाळावर हात मारला आणि आले मागोमाग, करते काय.

भेंडी मात्र झकास आली. मेथी, गवार, मिरची, सगळंच. आणि मग पाण्याच्या ऑफिसातल्या बाई आल्या. आमच्या शेताच्या कडेनं एक ओढा वाहतो, त्यात ट्राउट मासे. उन्हाळ्यात तो जमिनीखालच्या पाण्यावर जगतो आणि आमची बोअर नेमकं तेच पाणी ओढत होती. बाईंनी स्पष्ट सांगितलं, जेवढं घ्याल तेवढं ओढ्याला परत द्या, नाहीतर पंप बंद.

विलासनं गेल्या उन्हाळ्यात शेतातल्या छोट्या तळ्यातलं पाणी पाइपनं थेट ओढ्यात सोडलं. बाईंनी थर्मामीटर बुडवला आणि मान हलवली. उन्हानं तापलेलं पाणी, थंड पाण्यातले मासे त्यात जगणार कसे? पंप बंद झाला आणि भेंडी उभ्या उभ्या वाळली. मी बजावलं, "पुढच्या वर्षीही पंप बंद पडला ना विलास, तर शेत विकायचं आणि सरळ नॉर्थ यॉर्क. वचन दे." त्यानं दिलं, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

मग हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता हा एकदम ओरडला, "चित्रा, अगं, पाझर तलाव!" त्याच्या गावी शाळेतल्या पोरांनी श्रमदान करून एक खणला होता. त्यात पाणी साठवायचं नाही, जिरवायचं. ते जमिनीतून हळूहळू झिरपतं आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात मिळतं. आमच्या शेताच्या आणि ओढ्याच्या मध्ये खडीची जुनी खाण पडून होती. बर्फ वितळल्यावर जे पाणी वाहून जातं ते तिच्यात वळवायचं, म्हणजे जुलैत ते ओढ्याला पोचेल, आणि तेही गार! विलासनं लगेच अप्लाय केलं. बाईंना कल्पना आवडली. जुलैत ओढा बघू आणि मग पंपाचं ठरवू, असं त्या म्हणाल्या.

एप्रिलमध्ये खाण काठोकाठ भरली. मी फोटो काढून अख्ख्या मराठी मंडळाला पाठवले. आणि मे संपतोय तर काय, तळ उघडा! शेजारी हळहळले. विलास नेमका टोरोंटोला गेला होता. मी आपला शहाणपणा केला आणि तळ्यात प्लास्टिक अंथरणाऱ्याला बोलावलं. विलास परतला आणि त्या गुंडाळ्या बघून किंचाळलाच, "अगं बाई, ओढ्याला मारतेस का! गळायलाच हवं ते!"

आमची लेक ईशानी पोट धरून हसत होती. "मॉम, दॅट्स द होल पॉइंट!"

हसा लेको! आमच्या दादरला टाकी गळली की प्लंबर बोलावतात.

जुलैत ऊन मी म्हणत होतं. भेंडीनं माना टाकल्या. बाई यायच्या होत्या आणि विलास पोर्चवर नुसता बसून. ओढ्याकडे जायची त्याची छातीच होईना. माझं डोकंच फिरलं. "अरे, बघ तरी!" म्हणत मीच तरातरा गेले, जीन्स दुमडली आणि ओढ्यात पाय घातला.

"आई गं!"

पाणी पोटरीपर्यंत होतं. गेल्या वर्षी घोटासुद्धा बुडत नव्हता. आणि गार म्हणजे किती गार! मी तिथूनच बोंब ठोकली, "विलास! गार आहे रे! नुसता बर्फ!" तो धावत आला आणि बुटांसकट ओढ्यात उतरला.

बाईंनी येऊन थर्मामीटर बुडवला, पुन्हा बुडवला आणि हसल्या. "गो अहेड," म्हणाल्या. विलास काठावर मटकन बसला आणि चक्क रडायला लागला. ईशानी त्याला मिठी मारून बसली. पंपाची कोणाला आठवणच नाही! मग मीच धावले, ओल्या पायांनी, धापा टाकत, आणि बटण दाबलं. पाण्याचे फवारे भेंडीवर उडाले तेव्हा मी एकटीच तिथे टाळ्या पिटत होते.

विलास डोळे पुसत मागून आला. "काय गं, शेत कधी विकायचं?"

"विकून तर बघ!" मी म्हटलं.