जावेचा हात

चर्चमध्ये नवीन वर्षाचा मिस्सा संपतो, वेदीवरच्या मेणबत्त्या विझवतात, आणि त्या वासाबरोबर मला जावेचा हात आठवतो.

त्या वर्षी आम्हा दोघींचे नवरे एकाच होडीवर होते आणि होडी आदल्या संध्याकाळी परतली नव्हती. सोसाट्याचा वारा अजून पडला नव्हता. मी चर्चमध्ये बसले, पण तोंडात प्रार्थना येईना. कान समुद्राकडे होते. शेजारी मोठी जाऊ रोझलीन होती. मी सुकत घातलेले बांगडे तिच्या कोंबड्यांनी विसकटले, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

पाद्री म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." लोक शेजाऱ्याकडे वळून हात जोडू लागले. मी समोरच बघत राहिले. रोझलीनने माझा हातच धरला. तिचा हात खरखरीत आणि गार होता.

"सोड गो, पाद्री बघतत."

"बघूंदे. माका भय वाटता."

"माका पण," मी म्हटलं.

मी देवाला एवढंच सांगितलं, आता तूच बघ. होडीची काही खबर नव्हती, तरी छाती हलकी झाली. तेव्हा वाटलं, देवाने होडी आणायचं कबूल केलं. आज कळतं, त्याने कबूल काहीच केलं नव्हतं. फक्त सोबत दिली होती.

दुपारी होडी किनाऱ्याला लागली. इंजिन बंद पडलं होतं. नवऱ्याने उतरताच विचारलं, "रडलंस काय गो?"

"रोझलीनीक इचार," मी म्हटलं.

रात्रभर समुद्रात टिकलेला माणूस माझ्या तोंडून तिचं नाव ऐकून वाळूत बसला.