पूजेत राहिलेला नांगर

आमच्या घरी एक होडी आहे. कुंभकोणममध्ये, समुद्रापासून दोन तास लांब, अंगणात, चाकांच्या गाड्यावर. आम्ही इथलेच, पिढ्यान्पिढ्यांचे मराठी; नवऱ्याचा धंदा रेशमी साड्यांचा. तिरुभुवनमच्या विणकरांकडून माल घ्यायचा आणि दुकानात विकायचा. साठी जवळ आली तशी त्यांना पाण्याची हौस सुटली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अंगण लागतं. मला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

होडी एका दुपारी आली, नांगर निवडण्यात मात्र उन्हाळा गेला. कावेरी कोरडी पडली होती. यांनी तीन तऱ्हेचे नांगर मागवले आणि नदीच्या वाळूत ओढून पाहायला लागले; दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. चार आकड्यांचा, घडी होणारा नांगर वाळूवर नुसते ओरखडे काढायचा. दुसरा चांगला रुतायचा, पण आमच्या मुलीला एकटीला उचलवेना. दोन सपाट पात्यांचा तिसरा असा रुतला की मीच तोंडघशी पडले. पण दोर आखूड धरून वर ओढला की तोही मुकाट सुटून यायचा.

"म्हणून दोर लांब पाहिजे, आणि नांगराजवळ साखळी. म्हणजे ओढ आडवी राहती," हे मला शिकवत होते. काठावर जमलेली माणसं म्हणत होती, आधी नदीला पाणी येऊ द्या की!

शेवटी तिसराच ठरला, आणि तो ठेवण्याचंही शास्त्र झालं. होडीच्या पुढच्या टोकाला झाकणाची पेटी, तळाशी काथ्याची चटई. नांगर पट्ट्याने आवळलेला, नाहीतर लाटेवर उसळून कुणाचा पाय फोडेल. दोराचं शेवटचं टोक होडीच्या कडीला कायमचं बांधलेलं. माझ्या दागिन्यांची यांनी एवढी काळजी कधी घेतली नाही.

मग आयुधपूजा आली. त्या दिवशी घरातली, दुकानातली सगळी हत्यारं देवासमोर मांडायची: विळी, कात्री, काटा, किल्ल्या. यांनी नांगरही साखळीपासून सोडवून आणला, घासला, चंदन-कुंकू लावलं आणि विठ्ठलाच्या तसबिरीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा होईपर्यंत त्यातलं काही हलवायचं नाही, असा आमचा नेम.

मुलगी चेन्नईहून पुन्हा रजेवर आली होती. विजयादशमीच्या सकाळी पूजा झाली. यांनी रीतीप्रमाणे, पूजा उठल्याची खूण म्हणून, सगळं जरा उत्तरेकडे सरकवलं, नमस्कार केला, आणि बापलेक होडी गाडीला जोडून कोळ्ळिडम नदीच्या मुखाकडे निघाले. "तूं पण ये गे अम्मा," ती म्हणाली. मला गोविंदपुरमला भजनाला जायचं होतं.

ते गेल्यावर मी देवघर आवरायला घेतलं. केळीचं पान उचललं, प्रसादाच्या चुरमुऱ्यांचा ढीग बाजूला सारला, आणि मागे नांगर. फुलांसकट.

फोन लावला. दोघांचेही लागेनात. इंजिन चालू असलं की नांगर कशाला लागतो, अशी मी माझी समजूत घातली. पण यांच्या त्या जुन्या इंजिनावर माझा काडीचा विश्वास नव्हता. ओहोटीला तिथली नदी सरळ समुद्रात ओढते, हे यांनीच मला सांगितलेलं. ओटीवर गेले, आत आले, पुन्हा ओटीवर गेले. कॉफी केली आणि मोरीत ओतली. शेजारीण भजनाला बोलवायला आली, तिच्यावर खेकसले. मग देवघरात जाऊन विठ्ठलाला विचारलं, "तुला रे कशाला हवा होता हा? तू तर विटेवरून हलत नाहीस."

दिवेलागणीला गाडी आली. मुलगी उतरली, पण दार तिने कोपराने लोटलं. दोन्ही तळहात सोलून निघाले होते.

इंजिन नदीच्या मुखाशीच बंद पडलं होतं. "पेटी उघडली अम्मा. साखळी अहे, दोर अहे, नांगर कोठ?" ती सांगत होती आणि हसायचा प्रयत्न करत होती. नुसती साखळी टाकली, ती तळावरून घसरत गेली. शेवटी तिने कोळ्यांच्या जाळ्याचा, पाण्यात रोवलेला एक बांबू मिठीत घेतला, आणि अप्पा त्याला दोर गुंडाळेपर्यंत सोडला नाही. भरती लागल्यावर एका मासेमारीच्या बोटीने त्यांना ओढून आणलं.

हे सरळ देवघरात गेले आणि विठ्ठलापुढे आडवे झाले.

"नमस्कार मग," मी म्हटलं. "आधी हा बांधा."

यांनी नांगर उचलला, अंगणात नेला, साखळीला जोडला. मी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, वाळूत ओढला होता तसा. मग मुलीचे तळहात माझ्या मांडीवर घेऊन रडले.

यंदाच्या आयुधपूजेला मी ताट घेऊन अंगणात आले. देव सोडून बाहेर पूजा कसली, असं यांची बहीण म्हणाली, म्हणू दे. पेटीचं झाकण उघडून, आहे तिथेच, बांधलेल्या नांगराला कुंकू लावलं. मुलीने कापूर ओवाळला, तेव्हा तिच्या तळहातावरचे पांढरे वण दिसले.

विजयादशमीला सकाळी तिने मला बोलवायच्या आधीच मी गाडीत जाऊन बसले. मला पोहता येत नाही. पण ओटीवर तशी वाट पाहण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बुडालेलं बरं.